हिरव्या काठाचं पोतं

"भट्टी कुठे आहे?" दारात उभ्या असलेल्या माणसानं विचारलं.

मी भट्टीच्या तोंडाशीच बसले होते, कोपरापर्यंत शेणामातीनं माखलेली, आतली भेग लिंपत. एवढं समोर दिसत असताना हा माणूस भट्टी कुठे म्हणून विचारतो, याचाच मला राग आला.

"ही काय," मी म्हणाले.

त्यानं वाकून आत पाहिलं. खांद्याला कापडी पिशवी, काखेत फाईल, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. कढई भिंतीला पालथी टेकवलेली होती. चुलीत राखसुद्धा नव्हती, सकाळीच मी ती उपसून टाकली होती.

"चालू नाही?"

"आज बंद."

"चिरमुरे वाळूत भाजतात ना? वाळू कुठे आहे?"

"धुवायला गेलीय."

वाळू शाळेत गेलीय असं सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग फाईल उघडून त्यानं विचारलं, अनुसया भोपळे तुमच्या कोण? मी म्हटलं, आई. नदीवर गेलीय. भट्टी रोज चालते का, हेही त्यानं विचारलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, बारावी होऊन घरी बसले होते, आणि जिभेला हाड नव्हतं. "आम्हाला वाटंल तेव्हा पेटवतो," मी म्हणाले. त्यानं ते लिहून घेतलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, तसा तो घाईघाईनं निघून गेला.

आमच्या कुरणवाडीत तेव्हा एकच जीप होती. ती विश्वासतात्या शिंत्र्यांची.

आई आली ती डोक्यावर ओल्या वाळूची पाटी घेऊन. आमच्याकडे अमावास्येला भट्टी पेटवत नाहीत. त्या दिवशी कढईतली सगळी वाळू नदीवर न्यायची, सात पाण्यांनी धुवायची आणि अंगणात पसरून वाळवायची. वर्षभर तापून तापून ती वाळू काळीभोर होते, आणि जितकी जुनी तितका चिरमुरा फुलतो. माझ्या आजीच्या हातची वाळू आई वापरत होती. दागिन्यासारखी जपायची ती तिला.

पाटी उतरवता उतरवता मी तिला साहेब येऊन गेल्याचं सांगितलं. काय काय बोलणं झालं ते मात्र सगळं सांगितलं नाही.

"आजच आला व्हय?" एवढंच ती म्हणाली आणि वाळू पसरायला लागली.

तो साहेब कशाला आला होता ते आम्हाला ठाऊक होतं. सरकारची एक योजना आली होती. खेड्यातल्या छोट्या धंद्यांना यंत्र घ्यायला मदत मिळायची, निम्म्याहून जास्त अनुदान आणि बाकीचं बँकेचं कर्ज. आम्ही अर्ज केला होता तो चिरमुऱ्याच्या यंत्रासाठी. त्याला बंद पिंप असतं, वर धुराडं असतं, माणसाला धुरात बसावं लागत नाही. आमच्या बाजूच्या बारा गावांत मिळून असं एकच यंत्र मंजूर होणार होतं.

आईला ते यंत्र धंदा वाढवायला नको होतं. तिचे डोळे चालले होते. मी सातवीत असताना वडील गेले, तेव्हापासून ती एकटी रोज पहाटेपासून दुपारपर्यंत तुसाच्या धुरात बसत होती. डोळे कायम लाल, पाणी गळणारे. तालुक्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बाई, धूर सोडा नाहीतर दोन वर्षांत दिसायचं बंद होईल. धूर सोडायचा तर भट्टी सोडावी लागणार होती, आणि भट्टी सोडली तर आम्ही दोघींनी खायचं काय?

तिची नजर किती उतरली आहे हे मला पोतं शिवताना कळायचं. पोत्याचं तोंड शिवायला आम्ही सुतळी वापरत नसू. आई तिच्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ फाडून त्याच्या पट्ट्या करायची. हिरवागार काठ, मधून एक लाल रेघ. ते लुगडं वडिलांनी आणलेलं होतं, अंगावर नेसण्याजोगं राहिलं नव्हतं आणि टाकवत तर त्याहून नव्हतं. पट्टी ओवायची ती दाभणात. दाभणाचं नेढं केवढं मोठं असतं! पण तेही तिला दिसेना. चार वेळा हुकली की ती दाभण न बोलता माझ्याकडे सरकवायची, आणि मी न बोलता ओवून द्यायची.

आठ दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. मीच जाऊन वाचला. शिफारस झाली होती विश्वास शिंत्रे यांच्या नावाची. आमच्या नावापुढे लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष पाहणीत उद्योग अस्तित्वात आढळला नाही.'

विश्वासतात्यांची चिरमुऱ्याची भट्टी! मी तिथंच मोठ्यानं हसले. तात्यांच्या मळ्यात कोंबड्यांची एक रिकामी शेड होती. ती महिन्याभरापूर्वी त्यांनी चुन्यानं रंगवून घेतली होती, हे गावानं पाहिलं होतं. का रंगवली, आणि साहेबाला जीपनं नेमकं अमावास्येलाच का आणलं, ते आता कळलं. आणि मग मला आठवलं. अमावास्येच्या आदल्या दिवशी तात्यांचा गडी येऊन आमच्याकडून दोन लहान पोती चिरमुरे घेऊन गेला होता. भाव केला नाही, उधार ठेवलं नाही. आई केवढी खूश झाली होती. "तात्या मोठ्या मनाचा मानूस," असं म्हणाली होती.

घरी येऊन मी आईला कागदावरचं सांगितलं. "अस्तित्वात न्हाई म्हंजे काय?" तिनं विचारलं.

"म्हंजे भट्टीच न्हाई आपली."

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. मनगटापासून बोटांपर्यंत चटक्यांचे डाग होते. ते बघून मला राहवेना. मी रडत रडत तिला सगळं सांगून टाकलं, मी साहेबाला काय उत्तरं दिली ती, आम्हाला वाटंल तेव्हा पेटवतो म्हटलं तेसुद्धा. तिनं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "उद्या पयल्या गाडीनं जाऊ या. साहेबाला भेटू."

जिल्ह्याच्या गावी पोहोचायला अकरा वाजले. आईनं वाटेत खायला म्हणून चिरमुऱ्यांची एक पिशवी बांधून घेतली होती, तोंड नेहमीसारखंच काठाच्या पट्टीनं शिवलेलं. एसटीत ती उघडायची तिला आठवणच झाली नाही.

उद्योग निरीक्षक बऱ्हाटे, अशी पाटी टेबलावर होती. तोच माणूस. जळगावकडचे, बदली होऊन आमच्याकडे येऊन त्यांना तीन महिनेच झाले होते, हे आम्हाला शिपायाकडून कळलं. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, हे मला त्या वेळीसुद्धा विशेष वाटलं. पण बोलणं कोरडंच होतं. अहवाल वर गेला आहे, पंधरा दिवसांत हरकत घेता येते, अर्ज लिहून द्या. मी तोंड उघडणार तोच आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"साहेब, तुमचं कायबी चुकलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी आलासा त्या दिवशी भट्टी न्हवतीच. आवसंला आमी वाळू धुतो. ही पोरगी वाकडं बोलली, तिच्या वतीनं मी माफी मागते. माझं एवढंच म्हननं हाय, एकदा येऊन बघून जावा."

बऱ्हाटे साहेब टेबलावरच्या पेनाशी चाळा करत होते. एकदा दिलेला अहवाल आपल्याला बदलता येत नाही, असं काहीतरी ते म्हणाले. आई उठली. उठताना तिनं ती पिशवी टेबलावर ठेवली. "वाटंला खायाला आनलंवतं. ऱ्हायलं. तुमीच खावा."

साहेबांनी पिशवी परत सरकवायला हात पुढे केला, आणि तो हात तिथंच थांबला. ते पट्टीकडे बघत होते.

"हे कशानं शिवलंय?"

"माझ्या लुगड्याचा काठ हाय," आई जराशी लाजली. "सगळ्या पोत्यांस्नी त्योच लावतो आमी."

 साहेबांची मान नकळत वळली, त्यांच्या पाठीमागच्या कपाटाकडे. म्हणून मीही तिकडे पाहिलं. कपाट आणि भिंत यांच्या सांदीत एक लहान पोतं उभं होतं. अर्धं संपलेलं, तोंड एका बाजूनं उसवलेलं, आणि तिथून लोंबत होती हिरवी पट्टी. मधून लाल रेघ.

आईला ते दिसलं नाही. तेवढ्या अंतरावरचं तिला दिसतच नव्हतं. मला दिसलं, आणि मला दिसलं हे साहेबांना दिसलं.

मी तेव्हा ओरडले असते तर काय झालं असतं, हा विचार मी पुढे पुष्कळदा केला. सगळी कचेरी गोळा झाली असती. तात्यांनी दिलेलं पोतं साहेबांनी घेतलं होतं, आमचेच चिरमुरे तात्यांचे म्हणून खाल्ले होते, आणि आमची भट्टी नाही असं लिहून मोकळे झाले होते. शब्द ओठांवर आले होते. पण साहेबांचा चेहरा इतका उतरला होता की माझ्यासारख्या तोंडाळ पोरीलाही ते बोलवेना.

"मी येईन," ते आईला म्हणाले. "कधी येऊ?"

"कवाबी या. आवस सोडून. आनि सांगून येऊ नगा."

पाचव्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं ते आले. जीप नाही, शिपाई नाही. भट्टी चांगली पेटलेली होती, मी तूस सारत होते, आई कढईवर होती. तिनं त्यांना ओळखलं ते आवाजावरून. बाहेर खाट टाकते म्हणाली, तर ते नको म्हणाले आणि आत येऊन तिच्याशेजारी पाटावर बसले.

मिठाच्या पाण्यातला, शेकून ठेवलेला तांदूळ ओंजळभर तापल्या वाळूत पडतो, झारा फिरतो, आणि बघता बघता कढई पांढरी होऊन वर येते. लगेच उपसून चाळणीवर घ्यावं लागतं, क्षणभर उशीर झाला तर करपतं. आई हे दिसून करत नव्हती. तडतडण्याच्या आवाजावर करत होती. साहेबांनी ते बरोबर ओळखलं. "बाई, तुम्हाला कढई दिसते का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, धग दिसते.

एक फेरी सोडली तर दुपारपर्यंत ते तिथून हलले नाहीत. डोळ्यांतून धारा लागल्या, खोकून खोकून जीव मेटाकुटीला आला, शर्ट काळा झाला. मी दोनदा म्हटलं, साहेब, बाहेर बसा. ते म्हणाले, मागच्या वेळी बाहेरूनच पाहिलं होतं. मधे उठून ते एकटेच चालत तात्यांच्या मळ्यात जाऊन आले. आले ते पुन्हा पाटावर बसले.

आई हातपाय धुऊन आली, तेव्हा त्यांनी पिशवीतून कागद काढला. मांडीवर फाईल ठेवून बराच वेळ लिहिलं. मग तो कागद माझ्या हातात दिला. "आईंना वाचून दाखवा. मोठ्यानं."

मी वाचायला लागले. अनुसया भोपळे यांची भट्टी चालू आहे. अनेक वर्षांची आहे. पहिली पाहणी अमावास्येच्या दिवशी झाली, त्या दिवशी वाळू धुण्याची येथील रीत आहे, याची चौकशी निरीक्षकानं केली नाही. दुसऱ्या अर्जदाराच्या शेडमध्ये चुलीची खूण नाही, आजही कोंबड्यांची पिसं आहेत. पुढची ओळ आली आणि मी मान वर करून साहेबांकडे पाहिलं.

"वाचा," साहेब म्हणाले.

"पहिल्या पाहणीच्या दिवशी," मी वाचलं, "दुसऱ्या अर्जदारानं दिलेलं चिरमुऱ्याचं एक पोतं मी भेट म्हणून स्वीकारलं. हे करणं गैर होतं. ते पोतं अनुसया भोपळे यांच्या भट्टीतलं होतं, हे त्याच्या शिवणीवरून नंतर माझ्या लक्षात आलं. माझा पहिला अहवाल चुकीचा आहे."

 आई साहेबांच्या दिशेनं बघत होती.

मी म्हणाले, "साहेब, पोत्याचं कशाला लिहिलंत? भट्टी हाय एवढं लिहिलं असतं तरी झालं असतं."

"नसतं झालं," ते म्हणाले. "पहिला अहवालही माझ्याच सहीचा आहे. एकाच माणसाचे दोन अहवाल. वरच्यांनी खरा कुठला धरायचा? माझं मत का बदललं, त्याचं कारण त्यांना कळायला पाहिजे. कारण तेच आहे."

"तुमास्नी तरास हुईल," आई म्हणाली.

"होईल," त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. "तुम्ही रोज धुरात बसता, बाई."

 घरी आलेल्या माणसाला चिरमुरे बांधून द्यायची आईची सवय. सवयीनं तिनं पिशवी उचलली, आणि मग तिच्याच लक्षात आलं. तिनं पिशवी खाली ठेवली. चाळणीतले ओंजळभर चिरमुरे घेतले आणि म्हणाली, "हे बांधून न्हाई देत. हितंच खावा. हितं खाल्ल्याचं कुनाला लिवायला लागत न्हाई."

ते हसले. आमच्या भट्टीत ते पहिल्यांदा आणि शेवटचं हसले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी चिरमुरे घेतले आणि उभ्या उभ्या, लहान पोरासारखे, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले.

यंत्र चार महिन्यांनी आलं. मंजुरीचं पत्र आणायला मी कचेरीत गेले तेव्हा त्या टेबलावर दुसऱ्याच नावाची पाटी होती. शिपायानं हळू आवाजात सांगितलं, बऱ्हाटे साहेबांची बदली झाली, लांब, पार दुसऱ्या टोकाला. सेवापुस्तकात शेरा बसला. पुढच्या वर्षीची बढती गेली. "कशापायी, तर म्हणे पोतंभर चिरमुऱ्यापायी," असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. मंजुरीचं पत्र छातीशी धरून मी एसटी स्टँडवर बसून राहिले. एका अनोळखी माणसानं स्वतःचं नाव खराब करून घेऊन आमचं नाव कागदावर आणलं होतं, आणि त्याला धन्यवाद म्हणायचंही राहून गेलं होतं.

त्यांचा पत्ता मी शिपायाकडून घेतला. त्या दिवाळीला आईनं चिरमुऱ्याचं एक पोतं पाठवलं. ते जसंच्या तसं परत आलं, सोबत एक पोस्टकार्ड. 'मिळालं असं समजा. आईंचे डोळे कसे आहेत ते कळवा.' पुढच्या दिवाळीला पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं. मग आम्ही पोतं पाठवायचं सोडलं. मी दर दिवाळीला पत्र तेवढं लिहायची. धूर गेला, औषध लागू पडलं, आईचं पाणी गळायचं थांबलं, आई आता एसटीची पाटी वाचू शकली असती पण अक्षर येत नाही म्हणून नुसती रंगावरून ओळखते, असं काहीबाही. त्यांचं उत्तर यायचं दोन ओळींचं.

अकरा वर्षांनी एका दिवाळीच्या तोंडाशी त्यांचं कार्ड आलं. तोवर आमच्याकडे तीन यंत्रं झाली होती, गावातल्या नऊ बाया कामाला होत्या, पोती शिवायलाही विजेवरचं मशीन होतं. कार्डावर लिहिलं होतं, 'परवा सेवानिवृत्त झालो. आता मी कोणाचा साहेब नाही. पोतं पाठवलंत तर घेईन.'

मी ते आईला दोनदा वाचून दाखवलं. ती उठली. भरलेलं एक लहान पोतं तिनं ओढून घेतलं, मी ते शिवणाच्या मशीनकडे न्यायला लागले तर हातावर चापट मारली. ट्रंक उघडून तिनं तळाशी ठेवलेलं इरकली लुगडं काढलं. काठाचा शेवटचा हातभर तुकडा उरला होता. तो तिनं फाडला, त्याची पट्टी केली आणि दाभण शोधून काढलं.

सवयीनं मी ओवून द्यायला हात पुढे केला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाभण उजेडाकडे धरलं, पट्टीचं टोक ओठांनी ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला नेढ्यातून पार केलं.